डार्करूमची मोरी आणि कृष्णेचं पाणी

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या कला महाविद्यालयांचे प्राचार्य, छायाचित्रण शिकवणारे शिक्षक आणि फोटोग्राफर संघटनांचे पदाधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या एप्रिलमध्ये आपल्यापैकीच एका महाविद्यालयात जुन्या पद्धतीच्या फोटो छपाईची दोन दिवसांची कार्यशाळा होती. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं जे चाललं होतं ते मी स्वतः वर्षानुवर्षं केलेलं आहे. टेबलावर डिंकाचं पाणी होतं, जलरंगाच्या ट्यूबा होत्या, जाड कागद होते आणि मधोमध काचेच्या वाडग्यात गडद नारिंगी पाणी. मुलंमुली ब्रश बुडवून ते कागदावर ओढत होती. कुणाच्याही हातात मोजे नव्हते. खिडकीशी बसलेल्या एका मुलीला कागद दोन्ही हातांनी उचलायचा होता, म्हणून तिनं ओला ब्रश दातांत धरला.

मी ओरडलोच. तिनं दचकून ब्रश काढला. तिला खळखळून चुळा भरायला लावल्या, हात साबणानं धुवायला लावले. तोवर मदतीला असलेला तरुण मलाच समजावत होता, "काही होत नाही सर. हळदीसारखंच आहे. दोन दिवसांत डाग जातो."

सांगलीच्या माणसाला पिवळ्या डागाची भीती वाटत नाही, हे मी समजू शकतो. पण ती हळद नव्हती. ते पोटॅशियम डायक्रोमेट होतं. आपल्या धंद्यात त्याला बायक्रोमेट म्हणतात. संध्याकाळी तो वाडगा मोरीत ओतला गेला. मी इमारतीच्या मागं जाऊन पाहिलं. पाइप भिंतीतून निघून उघड्या गटारात सुटत होता आणि सिमेंटवरून एक पिवळा ओघळ सावकाश खाली चालला होता.

त्या ओघळासाठी हे पत्र आहे.

मी फोटोवाल्याचा मुलगा. अण्णांचा स्टुडिओ सांगलीच्या पेठेत होता. मागच्या बाजूला सात बाय पाचची डार्करूम, लाल दिवा, तीन ट्रे आणि कोपऱ्यात मोरी. गावातली लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, भिंतीवर लावायचे म्हाताऱ्यांचे फोटो, सगळं त्या मोरीवरून गेलं. लोक म्हणायचे, "रोल धुवायला टाकलाय." धुतलेलं पाणी कुठं जातं हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. अण्णांच्या उजव्या हाताची बोटं वर्षातले आठ महिने फुटलेली असायची. डेव्हलपरमधल्या मेटॉलची काहींच्या कातडीला कायमची ॲलर्जी जडते, हे मला फार उशिरा कळलं. घरात सगळे म्हणायचे, अण्णांचं अंग कोरडं आहे. आई रात्री कोकमतेल गरम करून लावायची. अण्णा आमटीभातही चमच्यानं खायचे आणि पाहुणे आले की उजवा हात मांडीखाली ठेवायचे.

बायक्रोमेट आमच्याकडं ट्रे घासायला असायचं. डेव्हलपरनं काळे पडलेले ट्रे बायक्रोमेट आणि तेजाबाच्या पाण्यानं लख्ख निघतात. कच्च्या निगेटिव्हला जोर आणायलाही ते लागायचं. अर्ध्या किलोची बाटली एकदा आणली की वर्षं निघायची. ती खालच्या फळीवर असे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अण्णा तोवर गेले होते, स्टुडिओ बंद होता, डार्करूमला कुलूप होतं. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला गेलो तर निगेटिव्हची पाकिटं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. त्याचं दुःख अजून आहे, पण ते वेगळं. खालच्या फळीवर बायक्रोमेटची बाटली आडवी पडलेली होती. झाकण निघालेलं. आत बोटभर गढूळ पाणी, किंचित पिवळं.

त्या रात्री मी कागद घेऊन हिशेब मांडला. बायक्रोमेटमध्ये वजनाच्या सुमारे ३५ टक्के क्रोमियम असतं. अर्धा किलो बाटली म्हणजे १७५ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठीचं आपलं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम चालवून घेत नाही. म्हणजे एका ग्रॅमनं २० हजार लिटर पाणी त्या मर्यादेला जाऊन टेकतं. आमच्या एका बाटलीनं ३५ लाख लिटर. पुराचं पाणी अफाट असतं, त्यात ते विरून गेलं असणार, हे मलाही कळतं. पण त्याच पाण्यातून लोक छातीभर चालत होते, डोक्यावर लेकरं घेऊन. शिवाय पेठेत आमचा एकच स्टुडिओ नव्हता आणि पूरही एकदाच आलेला नाही. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं.

तो कार्यशाळेतला वाडगाही मी नंतर मोजला. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम बायक्रोमेट, म्हणजे साडेतीन ग्रॅम क्रोमियम. त्यातलं थोडं कागदावर राहतं, बाकीचं धुण्याच्या पाण्यातून आणि उरलेल्या वाडग्यातून मोरीत जातं. सांगलीचं सांडपाणी शेरीनाल्यातून कृष्णेत उतरतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. आणि आपण पितो ते कृष्णेचंच पाणी.

आता हे औषध (आम्ही फोटोवाले रसायनाला औषधच म्हणतो) छपाईत आलं कसं, ते सांगतो, कारण ही कला वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. १८३९ मध्ये स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांना दिसलं की बायक्रोमेट लावलेला कागद उन्हात ठेवला की बदलतो. १८५५ मध्ये फ्रान्सच्या आल्फोन्स प्वातवँ यांनी त्यात चिकट पदार्थ आणि रंग मिसळून त्याची छपाई केली. त्यातलं रहस्य असं की ऊन पडलेल्या जागी बायक्रोमेटमधल्या षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी क्रोमियम होतं आणि ते डिंकाचे धागे एकमेकांना बांधून टाकतं. बांधलेला डिंक पाण्यात सुटत नाही, त्यात रंग अडकून बसतो. सावलीतला डिंक धुऊन जातो. हातानं घडवलेलं ते चित्र पाहिलं की मोबाइलमधले हजार फोटो विसरायला होतात. आज पुन्हा मुलांना त्याची ओढ लागली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. अंधाऱ्या खोलीत ट्रेमधल्या कागदावर चेहरा उमटताना ज्यानं पाहिला, तो माणूस ते विसरत नाही.

पण हे षट्संयुजी क्रोमियम काय आहे, तेही मुलांना त्याच दिवशी सांगितलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे, म्हणजे तंबाखू ज्या गटात आहे त्याच. पूड नाकात जाणं सर्वांत वाईट. कातडीवर चीर असेल तर तिथं खोल, न भरणारी जखम होते. चामडं कमावणाऱ्यांच्या आणि क्रोम प्लेटिंगवाल्यांच्या हातांवर अशा जखमा डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिल्या आहेत. आणि एकदा ॲलर्जी बसली की ती जन्मभराची. मग सिमेंटला हात लावला तरी अंग उठतं, कारण सिमेंटमध्येही लेशमात्र क्रोमेट असतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला एका चित्रापायी आपण हे द्यायचं का? युरोपीय संघानं २१ सप्टेंबर २०१७ नंतर पोटॅशियम आणि अमोनियम डायक्रोमेटचा वापर खास परवानगीशिवाय बंद केला. तमिळनाडूत राणीपेठला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या कचऱ्याचे ढीग आसपासचं भूजल अजून पिवळं करताहेत. आपलं प्रमाण त्यापुढं चिमूटभर आहे. पण ते आपल्याच हातांतलं आहे, म्हणून ते थांबवणंही आपल्याच हातांत आहे.

"मग डिंकाची छपाई शिकवायचीच नाही का?" असं मला एका शिक्षकांनी कळकळीनं विचारलं. शिकवायची. जगभर जुन्या छपाईवर काम करणाऱ्यांनी दोन वाटा शोधल्या आहेत. एक, लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून डिंक किंवा जिलेटिन कडक करायचं. दोन, जिलेटिनच्या थरावर होणाऱ्या कार्बन छपाईसाठी डीएएस नावाचं क्रोमियम नसलेलं प्रकाशसंवेदी औषध. ही दुसरी वाट अनुभवी हातांसाठी आहे, मोजे आणि खेळती हवा तिलाही लागतेच. दोन्हींचा रंग, पोत, लागणारा वेळ बायक्रोमेटपेक्षा वेगळा येतो आणि हात बसायला महिने लागतात. माझे पहिले वीसेक कागद वाया गेले. तरीही मी दोन वर्षांत बायक्रोमेटला शिवलो नाही. स्क्रीन प्रिंटिंगवाल्या मित्रांनाही हेच सांगतो. लग्नपत्रिका आणि पिशव्या छापायला डायझोचं आणि फोटोपॉलिमरचं इमल्शन तयार मिळतं, बायक्रोमेट घालून घोटायची आता गरज राहिलेली नाही.

आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना डिंकापासून सुरुवात तरी का करायची? सायनोटाइपपासून करा. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी ती काढली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशेवाळाचे निळे ठसे काढून त्यांचं पुस्तक बांधायला घेतलं. आपल्याकडं बांधकाम खात्याच्या कचेऱ्यांत नकाशाच्या निळ्या प्रती असायच्या, त्या मूळ याच कुळातल्या. फेरिक अमोनियम सायट्रेटचं २५ टक्के पाणी, पोटॅशियम फेरीसायनाइडचं १० टक्के पाणी, दोन्ही सारखी मिसळून कागदावर, वर पान किंवा निगेटिव्ह, काच, आणि गच्चीवरचं ऊन. एप्रिलात पाच-दहा मिनिटं. मग साधं पाणी. निळा रंग लगेच गडद व्हावा म्हणून औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड दोन चमचे. उन्हाला वीजबिल नाही. उन्हाऐवजी अतिनील दिवे लावणार असाल तर जंतू मारायच्या नळ्या चुकूनही लावू नका. दिसायला त्या छपाईच्या नळ्यांसारख्याच वाटतात, पण त्यांच्या उजेडानं डोळे भाजतात.

सायनोटाइप निरुपद्रवी आहे असं मात्र मी लिहिणार नाही. फेरीसायनाइड तसं सौम्य आहे, कारण त्यातलं सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेलं असतं. पण कडक तेजाबात किंवा जाळावर ते बंधन सुटतं आणि विषारी वायू निघतो. म्हणून मोरी साफ करायचं ॲसिड आणि ही औषधं एका कपाटात नकोत. धुण्याचं पाणीही विहिरीत, तळ्यात, झाडांच्या आळ्यात ओतू नये, कारण उन्हानं त्यातलं थोडं सायनाइड मोकळं होऊ शकतं. निळ्याचा काळा करायचा असेल तर टॅनिक ॲसिडची बाटली मागवू नका. जावळी-पाटणच्या बाजूचा हिरडा कुटून उकळा. जुन्या शाया हिरड्यात लोखंड मिसळूनच काळ्या व्हायच्या आणि सायनोटाइपमध्ये लोखंड आधीच आहे. आणखी एक, कासला सहली नेणाऱ्यांसाठी. पठारावरचं एकही फूल ठशासाठी तोडू नका. घाणेरीची पानं हवी तेवढी मिळतात, तिचे काटेरी देठ फार सुंदर उमटतात आणि ती तोडल्यानं रानाचं भलंच होतं.

आता त्या मुलीबद्दल. ब्रश दातांत धरणारी ती मुलगी मे महिन्यात माझ्याकडं आली. हरिपूरची. पूर्वी त्यांच्या घरची हळद पेवात असायची, असं सांगत होती. मी तिला म्हटलं, त्या कार्यशाळेत हळदीसारखं म्हणाले ना, आता खरी हळद घे. हर्शेल यांनी १८४२ मध्येच फुलापानांच्या रसावर उन्हानं चित्रं काढून पाहिली होती. त्या रीतीला अँथोटाइप म्हणतात. आम्ही दोन चमचे हळद स्पिरिटमध्ये भिजवली, फडक्यातून गाळली आणि पडदे ओढून जाड कागदाला तीन हात दिले. सुकल्यावर कागद असा झाला की हात लावायला नको वाटावं, इतका झगझगीत. तिनं आजीचा एक फोटो पारदर्शक शीटवर छापून आणला होता. तो वर ठेवला, काच दाबली आणि गच्चीवर ठेवून दिलं. हळदीतलं कर्क्युमिन उन्हात उडतं. जिथं काळं आहे तिथं सावली, जिथं पांढरं तिथं ऊन. साडेतीन तासांनी शीट उचलली तर आजी फिकट पिवळ्यावर गडद पिवळी, जेमतेम ओळखू येईल अशी.

पुढं काय करायचं हे मला पुस्तकी ठाऊक होतं, पण ते सांगितलं तिच्या खऱ्या आजीनं. ती नातीला न्यायला आली होती आणि कठड्याशी बसून हे सगळं पाहत होती. म्हणाली, "टाकणखार लाव की. कुंकू तसंच करतेत." कपभर पाण्यात चमचाभर टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, विरघळवून आम्ही कागदावर फवारला. कागदाच्या कोपऱ्यापासून तांबडा रंग चढत गेला, आधी पदराचा काठ, मग केस, मग डोळे. दोन मिनिटांत तांबूस तपकिरी आजी कागदावर आणि खरी आजी शेजारी. ती काही बोलली नाही. कागद हातात घेऊन दारापाशी उजेडात गेली, तेव्हा मला घाईनं सांगावं लागलं की आजी, उन्हात नको, हा रंग उन्हाला टिकत नाही.

हळदीची छपाई पक्की होत नाही, हा तिचा दोष आहे आणि तो मुलांना स्पष्ट सांगायचा. वहीत, पेटीत ठेवली तर वर्षं राहते, भिंतीवर लावली तर फिकटत जाते. टाकणखारही पोटात जाता कामा नये, गरोदर बाईनं त्याला हात लावू नये. त्याच्याऐवजी धुण्याच्या सोड्यानंही हळद लाल होते. पण ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या सांगलीत प्रकाशाची छपाई शिकवताना पहिला धडा हळदीचा असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता चांदीकडं येतो. ब्रोमाइड पेपर, सॉल्ट प्रिंट, व्हॅन डाइक, चांदीच्या क्षारांवर चालणाऱ्या कुठल्याही छपाईवर काम करा, शेवटी चित्र पक्कं करायला हायपो लागतोच. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे हर्शेल यांनीच १८१९ मध्ये दाखवलं होतं, फोटोची कला जगापुढं यायच्या वीस वर्षं आधी. काम झालेल्या हायपोत लिटरमागे काही ग्रॅम चांदी विरघळलेली असते. विरघळलेली चांदी पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना आणि माशांना घातक आहे. ती मोरीत ओतणं म्हणजे पैसेही गटारात आणि विषही. अण्णांच्या काळी वापरलेला हायपो विकत घेणारे दारावर यायचे, स्टुडिओत नि एक्स-रेवाल्यांकडं. डिजिटल आलं, हायपो कमी झाला, ते यायचे थांबले. आणि आता जो थोडाथोडका हायपो कार्यशाळांतून निघतो तो सरळ मोरीत जातो.

याबाबतीत आपले दोन जिल्हे भाग्यवान आहेत. विटा, खानापूर, आटपाडी आणि तिकडं खटाव-माण इथले गलाईवाले साऱ्या हिंदुस्थानात सोनंचांदी गाळायचं काम करतात. माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक महाविद्यालयानं झाकणाचा एक प्लास्टिकचा ड्रम ठेवावा, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत "वापरलेला हायपो" लिहावं, दुसरं काहीही त्यात ओतू नये. भरला की त्यात भांडी घासायच्या बारीक लोखंडी तारेचा गुंता टाकावा आणि दोन-तीन दिवस ठेवावा. लोखंड पाण्यात जातं, चांदी काळ्या गाळाच्या रूपानं खाली बसते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तारेचा गुंता काळ्या लोण्यासारखा हातात कुस्करला. तो गाळ स्वच्छ धुऊन, वाळवून गलाईवाल्या कारागिराकडं द्यायचा. नीट धुतला नाही तर मुशीत गंधकाचा धूर होतो आणि तो त्या माणसाच्या छातीत जातो, म्हणून धुणं आपलं काम. विट्याच्या एका कारागिरानं माझ्या गाळाची चांदी टाकणखार घालून पाडून दिली. शेंगदाण्याएवढी गोळी होती. ती मी अण्णांच्या फोटोसमोर ठेवली आहे.

पाण्याबद्दलही बोलायला हवं. प्रिंट तासभर वाहत्या नळाखाली धुवायची, असं आम्हाला शिकवलं गेलं. माण, जत, आटपाडीत टँकरची वाट पाहणाऱ्या घरांतली मुलं आपल्या वर्गात बसलेली असतात. त्यांच्यासमोर तासभर नळ सोडून ठेवायचा? फिल्म टाकीत धुताना पाणी भरून पाच वेळा उलटीपालटी करा, ओता. पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात फिल्म स्वच्छ होते. ही रीत इलफोर्ड कंपनी स्वतः सांगते. प्रिंटसाठी आधी सोडियम सल्फाइटच्या पाण्यात बुडवली की हायपो लवकर सुटतो, मग ट्रेमध्ये पाणी बदलत राहायचं.

पारा आणि पोटॅशियम सायनाइड यांच्याविषयी एकच वाक्य पुरे. कुठल्याही शिक्षणसंस्थेच्या आवारात, कितीही अनुभवी माणूस असला तरी, डॅगेरोटाइपसाठी, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरच्या फोटोसाठी, पारा तापवू नये आणि कलोडियनच्या काचेवरचा फोटो पक्का करायला सायनाइड वापरू नये. पहिल्याला बेकरेल यांची १८४० मधली बिनपाऱ्याची, लाल काचेखालची रीत आहे, दुसऱ्याला साधा हायपो आहे.

उरलेल्या बायक्रोमेटचं काय करायचं, हा प्रश्न आपण विचाराल. ते शिल्लक आहे म्हणून वापरून संपवू, असं कृपा करून म्हणू नका. आपल्या शहरातल्या विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्राचे लोक हेच औषध टायट्रेशनला वापरतात, त्यांना ते हाताळायची सवय आहे. माझ्याकडं उरलेलं थोडं द्रावण मी तिथल्या एका प्राध्यापकांकडं नेलं. त्यांनी धूर बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात, थोड्या आम्लात, सरबत टिकवायला घालतात तसलं मेटाबायसल्फाइट चिमटीचिमटीनं सोडलं. नारिंगी पाणी आधी शेवाळी झालं, मग गर्द हिरवं. मग चुना घातल्यावर राखी हिरवट गाळ खाली बसला. हिरवं झालं म्हणजे षट्संयुजीचं त्रिसंयुजी झालं, विषाची धार गेली, पण गाळ टाकायचा तो घातक कचरा म्हणूनच, कचराकुंडीत नाही. हे काम घरी किंवा वर्गात करायचं नाही.

बंद पडलेल्या स्टुडिओंतल्या बाटल्यांसाठी मात्र संघटनांनाच पुढं यावं लागेल. एकेकट्या माणसाला अर्धा किलो औषध कुठं न्यायचं ते कळत नाही, आणि लाजही वाटते. भंगारवाल्याला देऊन मोकळे होणारे मी पाहिले आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालयं सांगलीतही आहेत, साताऱ्यातही. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, रांजणगावला त्याची सामायिक व्यवस्था आहे. संघटनेनं सगळ्या सभासदांकडून यादी करून, मंडळाकडं एकत्र अर्ज करून, एकाच दिवशी हा माल योग्य वाटेनं रवाना करावा. तोवर प्रत्येकानं एवढं करावं: औषध मूळच्याच बाटलीत राहू द्या, दोन औषधं एकत्र करू नका, वर मराठीत नाव लिहा, जाड पिशवीत बांधा आणि तुमच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची जी रेघ आहे तिच्या वर ठेवा. ज्यांच्या घरी वडील गेले आणि कुलूपबंद खोली तेवढी राहिली आहे, त्यांना फोन करून विचारा. त्यांना आत काय आहे ते माहीत नसतं. मलाही माहीत असून आठवलं नव्हतं.

प्राचार्य महोदयांना विनंती एवढीच, की जूनमध्ये नवीन वर्ष सुरू होईल तेव्हा साहित्याच्या यादीतून बायक्रोमेट काढून टाकावं आणि बाहेरून कार्यशाळा घ्यायला येणाऱ्याला, मग तो कितीही नावाजलेला असो, मोजे आणि ड्रमाशिवाय दारातून आत घेऊ नये. मलाही घेऊ नये.

माझ्याकडं वीस लिटरचे चार ड्रम धुऊन, चिठ्ठ्या चिकटवून ठेवलेले आहेत. ज्या महाविद्यालयाला हवा असेल त्यांनी निरोप द्यावा, मी स्वतः आणून देईन आणि पहिल्या दिवशी मुलांबरोबर हळदीचा कागद करून दाखवीन. पाऊस लागायच्या आत कळवलंत तर बरं, नंतर ऊन मिळत नाही आणि नदीही वाढायला लागते.

आपला,
सांगलीतला एक फोटोवाला